"नोटरी करून टाकू" म्हणणारे घरमालक, नोंदणी आणि डिपॉझिट

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही कर्वेनगरला भाड्याच्या घरात जातोय. दोन बेडरूम, भाडं २२ हजार, डिपॉझिट एक लाख. मालक काका बोलायला चांगले आहेत, घरही आवडलंय. पण कराराचा विषय काढला की त्यांचं एकच पालुपद: "नोंदणीची कटकट कशाला? अकरा महिन्यांचा तर करार आहे, नोटरी करून टाकू." ब्रोकरही त्यांचीच री ओढतोय.

माझं मत विचाराल तर नोंदणी झालीच पाहिजे, मग खर्च आम्ही करावा लागला तरी चालेल. पण मत असून काय उपयोग, काकांना पटेल असं काही सांगता आलं पाहिजे. म्हणून इथे विचारते. अकरा महिन्यांचा करार नुसता नोटरी केला तर महाराष्ट्रात चालतो का? आणि दुसरी काळजी डिपॉझिटची. सध्याच्या घराच्या मालकीणबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय की रंगकामाचे तीस हजार कापणार. डिपॉझिट किती घ्यावं, त्यातून काय कापावं, याला काही कायदा आहे की नाही?

टेकडीवाला

नोंदणी नाही तर घर नाही. सरळ दुसरं बघा. कर्वेनगर ते वारजे पट्ट्यात फ्लॅटांना तोटा नाही.

कलमदार

मृण्मयीताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर अगदी स्वच्छ आहे.

अकरा महिन्यांची प्रथा आली १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यांना नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर लोक अकरा महिन्यांवर थांबतात. महाराष्ट्रात मात्र त्याचा काही फायदा नाही. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ सांगतं की घर भाड्याने द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी राहायची नुसती परवानगी) द्या, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत कितीही असो, एका महिन्याचा करारसुद्धा त्यात आला.

आता काकांना सांगायची गोष्ट. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, राहणाऱ्यावर नाही. नोंदणी नसेल आणि उद्या वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं असेल तर तसं मालकाने सिद्ध करायचं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे नोटरीवर भागवून काका स्वतःचीच बाजू कच्ची करून घेतायत. हे त्यांना शांतपणे समजावून सांगा, भांडणाचा विषयच नाही.

सिंहगडरोडची_सई

वरच्या प्रतिसादाला +१. आमच्या मालकांनाही हेच सांगितलं होतं. "भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं" हे ऐकल्यावर त्यांनी स्वतःच एजंटला फोन लावला. :)

तीन_चौकी

मालकांची बाजू मांडणारं इथे कोणी दिसत नाही, म्हणून लिहितो.

आमचा सदाशिव पेठेत वाडा होता. आजोबांनी बांधलेला, तीन चौकी. माझ्या लहानपणी वाड्यात पंधराएक बिऱ्हाडं होती. दोन खोल्यांचं भाडं साठ रुपये, काहींचं त्याहून कमी. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली. प्रमाण भाडं म्हणजे १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते. घरपट्टी वाढली, कौलं महागली, सुतार महागला, भाडं तिथेच. वडील दर पावसाळ्याआधी कौलं चाळून घेत आणि त्याचे पैसे स्वतःच्या पगारातून देत.

त्यात १९७३ साल आलं. तोवर बरेच मालक घर भाड्याने न देता लायसन्सवर देत, म्हणजे माणूस पक्का भाडेकरू होऊ नये. सरकारने कायद्यात दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्या सगळ्यांना भाडेकरू करून टाकलं. आमच्याकडे माडीवर असलेले एक गृहस्थ असे रातोरात भाडेकरू झाले. माणूस सज्जन होता, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण ज्या कागदावर विश्वास ठेवून वडिलांनी जागा दिली, तो कागदच सरकारने फिरवला.

मृण्मयीताई, तुमचे काका साठीच्या पुढचे असतील तर त्यांच्या मनात हे भय आहे. नोंदणी म्हणजे सरकारदरबारी नाव लागलं, आणि नाव लागलं की माणूस हलत नाही, असं त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. तो अडाणीपणा नाही.

नदीकाठची

@तीन_चौकी, तुमचं दुःख खरं आहे, पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

आम्ही नारायण पेठेत भाडेकरू. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा वाड्यात माडीपर्यंत पाणी होतं. नंतरचा चिखल आमच्या आजीने आणि शेजारच्या बायकांनी उपसला. पडलेली भिंत भाडेकरूंनी वर्गणी काढून उभी केली, कारण मालक म्हणाले, साठ रुपयांत भिंत येत नाही. पुढची सगळी वर्षं संडास एक, नळ एक, जिन्याचा कठडा गेलेला. भाडं कमी होतं म्हणता, पण त्या भाड्यात आम्हाला काय मिळत होतं तेही बघा. आणि १९७३ चं संरक्षण नसतं तर पेठांमधली शिक्षक, कारकून, छापखान्यातली माणसं शहराबाहेर फेकली गेली असती. त्या वेळी कुठे होते हे कर्वेनगर-वारज्याचे फ्लॅट?

दुरुस्ती करणं हे आजही कायद्याने मालकाचंच काम आहे हे विसरू नका.

कलमदार

नदीकाठची यांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, थोडी भर घालतो. कलम १४ प्रमाणे जागा चांगल्या स्थितीत ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. फक्त वर्षभरात एकूण भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही.

आणि तीन_चौकी म्हणतात तेही न्यायालयाने मानलं आहे. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात सांगितलं की भाडं असं वर्षानुवर्षं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. १९९९ चा कायदा त्या पार्श्वभूमीवर आला. त्यात जुन्या भाडेकरूंसाठी दरवर्षी चार टक्के वाढीची सोय आहे.

तीन_चौकी

साठ रुपयांवर चार टक्के म्हणजे वर्षाला दोन रुपये चाळीस पैसे होतात हो.

नदीकाठची, भिंतीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून गप्प झालो. आमच्याही वाड्यात पुराचं पाणी होतं. त्या वेळी मालक आणि भाडेकरू एकाच गच्चीवर बसले होते.

नदीकाठची

हो. ते दिवस वेगळे होते. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

कॉट_बेसिस

भाडे कायदा वगैरे ठीक आहे, पण आमच्यासारख्यांचं काय? सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. एका खोलीत चार कॉट, प्रत्येकाकडून भाडं, पावती नाही, करार नाही, डिपॉझिट रोख. गेल्या उन्हाळ्यात एका मित्राचे पैसे थकले तर मालकाने आमच्या अख्ख्या खोलीचा मेन स्विच काढून नेला. दोन दिवस लायब्ररीत मोबाईल चार्ज केला आणि रात्री गच्चीवर झोपलो. एवढ्याशा भाड्यासाठी आम्ही कुठे कोर्टात जाणार?

सिंहगडरोडची_सई

अरे देवा. पोलिसांकडे गेला नाहीत का रे?

कलमदार

@कॉट_बेसिस, दादा, हे नीट वाच आणि खोलीतल्या बाकीच्यांना दाखव.

कलम २९: मालकाने पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, संडास-सफाई अशा आवश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडायच्या नाहीत. तोडल्या तर न्यायालय त्या पुन्हा चालू करायला लावतं आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कलम ३१: भाड्याची पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. पावती देत नसेल तर भाडं यूपीआयने दे आणि मेसेजमध्ये महिना लिही, तोच तुझा पुरावा.

सामान बाहेर काढलं किंवा कुलूप बदललं, तरी हातपाय गाळायचे नाहीत. १९६३ च्या विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम ६ खाली, कायदेशीर मार्ग सोडून ज्याला बाहेर काढलं त्याला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही.

पेइंग गेस्ट आणि कॉटच्या बाबतीत कोणतं कलम कुठवर लागू पडतं हे कागद आणि वस्तुस्थिती पाहून ठरतं. पण वीज तोडणं हे कुणाच्याच बाबतीत खपवून घ्यायचं नाही. जवळच्या चौकीत लेखी अर्ज दे आणि पोच घे. कोर्टापर्यंत जावं लागेलच असं नाही, पोच पाहूनच बरेच जण नरम येतात.

कॉट_बेसिस

खूप आभार सर. पावतीचं माहीतच नव्हतं. आजच खोलीतल्या तिघांना पाठवलं.

बॅचलर_बावधन

सोसायट्यांबद्दलही बोला कोणीतरी. आमच्या सोसायटीच्या कमिटीने ठराव केलाय, बॅचलरना घर द्यायचं नाही. मालकाला चालतंय, मला चालतंय, सेक्रेटरींना चालत नाही. वर मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणूनचं जादा शुल्क, या नावाखाली मेन्टेनन्सइतकेच पैसे मागतायत.

माजी_सेक्रेटरी

पाषाणच्या आमच्या सोसायटीचा बरीच वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे अधिकाराने सांगतो. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, संपलं. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसवर १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने मर्यादा घातली आहे: सेवाशुल्काच्या दहा टक्के. इथे नीट बघा, पूर्ण मेन्टेनन्सच्या दहा टक्के नाही, महापालिकेचे कर वगळून उरलेल्या सेवाशुल्काच्या. तुमच्या मालकांना हे दाखवा आणि उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करायला सांगा.

पण कमिटीचीही एक विनंती ऐका. बॅचलर असा, कुटुंब असा, रात्री अकरानंतर स्पीकर आणि जिन्यात चपलांचा ढीग नको. निम्म्या तक्रारी तेवढ्यावरूनच येतात.

बॅचलर_बावधन

चपला आत घेतल्या काका. :)

औंधवाली_अनू

कोणी खर्चाबद्दल बोललंच नाही. मृण्मयीच्या आकड्यांवर करून दाखवते.

अकरा महिन्यांचं भाडं २,४२,०००. परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरतात, एक लाखावर अकरा महिन्यांचे साधारण ९,१६७. एकूण २,५१,१६७, त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ६२८ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटची फी. एवढ्यासाठी लाखभराचं डिपॉझिट नोटरीच्या भरवशावर ठेवायचं?

दुय्यम निबंधक कार्यालयात जायचीही गरज नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-नोंदणी होते. एजंट अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन घरी येतो, आधारवरून दोघांचे आणि साक्षीदारांचे अंगठे घेतो. आमच्या वेळी सासूबाईंचा अंगठा मशीन घेतच नव्हतं, भांडी घासून रेषा पुसल्यात असं त्या म्हणत होत्या. शेवटी दुसऱ्या बोटावर काम झालं. खर्च बहुतेक ठिकाणी निम्मा निम्मा करतात, पण ते आपसात ठरवायचं.

निवृत्त_लेखापाल

मालक नोंदणी का टाळतात याची कारणं वेगळीही असतात, ती उघड बोलावी. एक, भाडं उत्पन्नात दाखवायचं नसतं. दोन, पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात चाळीस टक्के सवलत देते, घर भाड्याने दिलं की ती जाते. हे चूक आहे आणि त्याची जोखीम भाडेकरूने का घ्यावी? तुम्हाला नोकरीत घरभाडे भत्त्याची वजावट हवी असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल, तर मालकाचा पॅन द्यावाच लागतो. तो देणार का, हे आधीच विचारून घ्या. खरं तर भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्यावर तीस टक्के प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे मालकांना वाटतो तेवढा कर बसतच नाही.

सहकारनगर_मालक

तीन_चौकी यांची भीती समजू शकतो, पण १९९९ नंतर चित्र बदललंय. ते माझ्या अनुभवावरून सांगतो.

आमचा एक फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिला होता, नोंदणी रीतसर. मुदत संपली तरी मंडळी हलेनात. आधी मुलीची परीक्षा, मग गावाकडचं आजारपण, मग फोन उचलणं बंद. मी १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेला अधिकारी) अर्ज केला. तिथे नेहमीच्या दिवाणी दाव्यासारखं चालत नाही. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, ती मागितली नाही किंवा मिळाली नाही तर थेट ताब्याचा आदेश. नोंदवलेला करार हा तिथे निर्णायक पुरावा असतो. आणि मुदतीनंतर जितके दिवस राहतील तितक्या दिवसांची भरपाई भाड्याच्या दुप्पट दराने. वेळ लागला, तारखा पडल्या, पण ताबा मिळाला. जुन्या पेठेतल्या दाव्यांसारखी पिढी गेली नाही.

हे सगळं मिळालं ते नोंदणी होती म्हणून. कर्वेनगरच्या काकांना माझा हा प्रतिसाद खुशाल वाचून दाखवा.

टेकडीवाला

हा प्रतिसाद वर पिन करून ठेवा.

डिपॉझिट_हरवलेला

सगळे नोंदणीवर बोलताय, डिपॉझिटचा प्रश्न बाजूलाच राहिला. माझी नोंदणी होती, पोलिसांना कळवलेलं होतं, सगळं होतं. तरी निघताना ऐंशी हजारांतले पन्नास हजार कापले. रंग, डीप क्लीनिंग, गिझर, दरवाज्याची मूठ. गिझर आम्ही राहायला गेलो तेव्हाच जुना होता. वकिलाची नोटीस पाठवली, उत्तर नाही. दावा लावायचा तर वेळ आणि पैसा जास्त जातो, म्हणून सोडून दिलं. कायदा इथे कुठे आहे?

कलमदार

इथे कायदा तोकडा आहे, आणि याची मला मनापासून चीड येते. १९९९ च्या कायद्यात लायसन्सच्या डिपॉझिटवर कमाल मर्यादा नाही, परत करण्याची मुदत नाही, कपातीचे नियम नाहीत. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं आणि वादांसाठी वेगळं भाडे प्राधिकरण आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही आणि पुण्यात आजही १९९९ चाच कायदा चालतो. मालकाला ताबा मिळवायला झटपट मार्ग दिला, तसा राहणाऱ्याला डिपॉझिट मिळवायला द्यायला हवा होता. डिपॉझिट ही रक्कम नोकरी करणाऱ्या कुटुंबाची वर्षभराची शिल्लक असते.

भाडेपट्ट्यासाठी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ म्हणतं की जागा मिळाली तशी परत करायची, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळायची. लायसन्सला ते आपोआप लागू होत नाही, म्हणून हे वाक्य करारात लिहून घ्यायचं. सध्या तरी आपलं संरक्षण करारातल्या कलमांतच आहे.

औंधवाली_अनू

आम्ही शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं देतच नाही, डिपॉझिटमध्ये वळवायला सांगतो. सोपा उपाय.

सहकारनगर_मालक

अनूताई, हे करू नका. वीजबिल, गॅस, मोडतोड याचा हिशेब घर रिकामं झाल्यावरच कळतो. डिपॉझिट त्यासाठीच असतं. भाडं थांबवलंत तर करार तुम्ही मोडलात असं होतं. त्यापेक्षा चावी आणि चेक एकाच बैठकीत द्यायचे असं करारात लिहा, मी तसंच करतो.

औंधवाली_अनू

तुमच्यासारखे मालक असतील तर आनंदाने. आमच्याकडे विचारल्यावर "बघू" असं उत्तर आलं होतं. पण चावी-चेक एका बैठकीत हे पटलं.

मृण्मयी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकांकडे गेलो होतो. कलमदार यांचं कलम ५५ आणि सहकारनगर_मालक यांचा अनुभव दोन्ही वाचून दाखवले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांच्या थोरल्या भावाची शनिवार पेठेतली जागा अशीच गेली होती. तीन_चौकी, तुम्ही म्हणालात तेच निघालं. दुप्पट दराच्या भरपाईचं त्यांना ठाऊकच नव्हतं. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, करून टाका नोंदणी, तुमच्याच फायद्याची आहे." शनिवारी एजंट येतोय, खर्च निम्मा निम्मा.

आता करारात डिपॉझिटबद्दल नेमकं काय लिहून घेऊ?

कलमदार

छान झालं. मसुद्यात हे घाला:

नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि रंग फिका पडणं यासाठी कपात नाही. कोणतीही कपात करायची तर बिल दाखवून. डिपॉझिटची रक्कम ताबा देण्याच्या दिवशीच, चावी परत करताना, बँकेतून. घरातल्या वस्तूंची यादी त्यांच्या सध्याच्या स्थितीसह कराराला जोडायची. दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस. मालकाला घर पाहायला यायचं असेल तर आधी कळवून, वाजवी वेळी.

डिपॉझिट_हरवलेला

आणि राहायला जायच्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. गिझर, नळ, खिडक्यांच्या जाळ्या, भिंतीवरची ओल, सगळं. तो लगेच काकांना व्हॉट्सॅपवर पाठवा म्हणजे तारीख राहते. सध्याच्या घराचाही आजच काढा. तीस हजारांचं बोलणं तोंडी आहे, तेव्हा मालकीणबाईंना लेखी विचारा की रंगाची कपात करारातल्या कोणत्या अटीप्रमाणे.

माजी_सेक्रेटरी

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायचं विसरू नका. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते. काम मालकाचं आहे, पण काकांना जमत नसेल तर शेजारी बसून भरून द्या. त्याची आणि कराराची प्रत सोसायटीत द्या.

मृण्मयी_क

व्हिडिओ काढून झाला. :) मालकीणबाईंना मेसेजही केला, आमच्या जुन्या करारात रंगाबद्दल एक शब्दही नाही. उत्तर आलं की इथे कळवते.

कलमदार

अंगठा देण्याआधी मसुद्यात नावं, फ्लॅट क्रमांक, भाडं आणि डिपॉझिट अक्षरी आणि अंकी दोन्ही तपासा. एजंट जुन्याच मसुद्यावर नवीन नाव टाकतात, मग मागच्या भाडेकरूच्या अटी तशाच राहतात. नोंदणी झाल्यावर इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश असलेला उतारा) आणि संपूर्ण दस्ताची पीडीएफ दोन्ही एजंटकडून त्याच दिवशी मागून घ्या.